सार्वजनिक आरोग्य अनुदाने, यवतमाळ जिल्ह्यातील

रोगप्रतिबंध, लसीकरण, माता-बाल संगोपन, जलशुद्धी, साथनियंत्रण इ. कार्यांसाठी केंद्र वा राज्य शासनाकडून खालच्या स्तरावरील आरोग्य यंत्रणांना परतफेडीच्या अटीवाचून जे अर्थसाहाय्य दिले जाते, त्यास सार्वजनिक आरोग्य अनुदान म्हणतात. स्थानिक संस्थांजवळ रोग आणि रोगी असतात, परंतु कराची मोठी साधने वरच्या शासनाजवळ असतात. या विसंगतीतून अनुदानपद्धती जन्मास आली. महाराष्ट्राच्या पूर्व भागातील यवतमाळ जिल्ह्याचा (लोकसंख्या २७,७२,३४८–२०११) इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. कापसाच्या महसुलाने एके काळी संपन्न गणला गेलेला हा जिल्हा आरोग्यसेवेच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ परावलंबी राहिला. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांचा आराखडा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील. अनुदानाने आरोग्य यंत्रणा उभी राहते. पण ती बळकट होण्यास त्या अनुदानाचे स्वरूप कसे असावे लागते, हा प्रश्न या जिल्ह्याने जवळजवळ दीडशे वर्षे अनुभवला आहे.

ब्रिटिश अंमल : १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत हैदराबादच्या निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आला. या प्रांताचा महसूल प्रथम हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चास व प्रशासनास लागे आणि उरलेली शिल्लक निजामास देय असे. १९०२ च्या करारानुसार वऱ्हाड वार्षिक २५ लाख रु. खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला व १९०३ मध्ये तो मध्य प्रांतास जोडला गेला. त्यापूर्वी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यास १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव मिळाले. काळ्या जमिनीतून निघालेल्या महसुलाच्या विनियोगाचा निर्णय जिल्ह्याबाहेर होत असे, ही गोष्ट पुढील इतिहास समजून घेण्यास महत्त्वाची आहे.

लॉर्ड मेयो यांच्या १८७० च्या ठरावाने ब्रिटिश प्रांतांकडे वैद्यकसेवा, शिक्षण, पोलीस, रस्ते इ. खाती ठराविक वार्षिक रकमेसह सोपविण्यात आली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर स्थानिक मंडळे स्थापन करण्यास चालना मिळाली. वऱ्हाडात १८८५ च्या ग्रामीण मंडळविषयक कायद्याने जिल्हा व तालुका मंडळांची तरतूद झाली. दवाखाने, विहिरी, स्वच्छता व देवी टोचणे ही कामे या मंडळांच्या कक्षेत येत. परंतु जमीनमहसुलावरील उपकराखेरीज भरवशाचे उत्पन्न त्यांना नव्हते. जन्ममृत्यूची नोंद गावचे पोलीस पाटील करीत. जिल्ह्याचे सिव्हिल सर्जन रुग्णालयाचे प्रमुख असत व आरोग्यविषयक सल्लागाराचे कामही तेच पाहत. रोगप्रतिबंधासाठी स्वतंत्र व पूर्णवेळ यंत्रणा गावपातळीवर जवळजवळ नव्हती.

१८९६–९७ व १८९९–१९०० चे दुष्काळ, त्यांच्या पाठोपाठ येणारा पटकी आणि १८९६ मध्ये मुंबईत उद्भवून देशभर पसरलेला प्लेग यांमुळे या उणिवेकडे लक्ष वेधले. हिंदुस्थान सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्रांतांना स्वच्छतेसाठी खास अनुदाने देण्यास प्रारंभ केला आणि १९१४ मध्ये आरोग्यविषयक धोरणाचा ठराव प्रसृत केला. या रकमांतून प्रांतोप्रांती पाणीपुरवठ्याची व गटारांची कामे निघाली आणि आरोग्य अधिकाऱ्यांची काही पदे निर्माण झाली. तथापि लगेच सुरू झालेल्या महायुद्धाने हा ओघ आटला. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझा साथीत मध्य प्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक मृत्युप्रमाण असलेल्या प्रांतांत मोडत होता. खेड्यांतून औषध पोहोचविण्यास माणसेच नव्हती. बांधकामावर खर्च झालेली अनुदाने त्या वेळी उपयोगी पडली नाहीत.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतांतील लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविला गेला. विषय सोपविला, पण त्यास पुरेल असा पैसा सोपविला नाही, अशी टीका या व्यवस्थेवर झाली. त्यातच वऱ्हाडच्या महसुलाचा न्याय्य वाटा वऱ्हाडातच खर्च व्हावा, ही मागणी प्रांतिक राजकारणात सतत होत राहिली. आरोग्य अनुदानाच्या वाटपातील प्रादेशिक समतोलाचा प्रश्न असा जुना आहे. पुढे नागपूर करारात (१९५३) विकासनिधीचे वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात करण्याचे कलम आले, त्याची पार्श्वभूमी हीच होय.

भोर समिती व जनपद सभा : १९४३ मध्ये नेमलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल सादर केला. अल्पकालीन योजनेत सु. ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे आणि उपचार व प्रतिबंध ही दोन्ही अंगे त्यात एकत्र असावीत, ही तिची मुख्य शिफारस होती. समितीच्या दृष्टीने केंद्र म्हणजे केवळ इमारत नव्हती. डॉक्टर, परिचारिका, सुईणी व स्वच्छता निरीक्षक यांचा तो कायमचा संच होता. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने तहसिलीच्या पातळीवर जनपद सभा निर्माण झाल्या. लोकांजवळची संस्था असावी हा या प्रयोगाचा हेतू होता. परंतु तहसिलीच्या मर्यादित उत्पन्नावर आरोग्य केंद्र चालविणे सभांना झेपण्यासारखे नव्हते. १९५२ मध्ये समूह विकास योजना सुरू झाल्यावर विकासगटामागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे सूत्र स्वीकारले गेले आणि त्यासाठी योजनांतर्गत अनुदान मिळू लागले. वाहने व साधनसामग्रीच्या रूपाने युनिसेफचेही साहाय्य देशातील केंद्रांना लाभले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

जिल्हा परिषद व तिची अनुदाने : लोकशाही विकेंद्रीकरणासाठी महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये तत्कालीन महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नाईक हे पुसद तालुक्यातील गहुलीचे. त्यांनी पुसदच्या नगराध्यक्षपदापासून सार्वजनिक कारभाराचा अनुभव घेतला होता. समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला. विकासाच्या कामांसाठी तहसील हे क्षेत्र लहान पडते, म्हणून जिल्हा हा मुख्य घटक असावा, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १ मे १९६२ पासून अंमलात आला व जनपद सभांची जागा यवतमाळ जिल्हा परिषदेने घेतली. प्राथमिक आरोग्य केंद्रे, उपकेंद्रे व ग्रामीण भागातील प्रतिबंधक कार्य जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे आले; जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाच्या, म्हणजे राज्य शासनाच्या, नियंत्रणाखाली राहिले. ही दुहेरी रचना पुढेही चालू राहिली.

अधिनियमातील अनुदानांचे स्थूलमानाने पुढील प्रकार पडतात : (१) आस्थापना अनुदान : हस्तांतरित कर्मचाऱ्यांचे वेतन व भत्ते यांसाठी. (२) सहेतुक अनुदान : नेमून दिलेल्या सेवा व योजना चालविण्यासाठी. (३) योजनांतर्गत अनुदान : पंचवार्षिक योजनेतील नवीन कामांसाठी. (४) उपकराच्या प्रमाणात मिळणारे अनुदान : जमीनमहसुलावर स्थानिक उपकर बसवून जिल्हा परिषद जितका प्रयत्न करील, त्याच्याशी निगडित. (५) तूट भरून काढण्यासाठी व समानीकरणासाठी द्यावयाची अनुदाने : दुर्बल जिल्ह्यांना इतरांच्या बरोबरीस आणण्यासाठी.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांनी यवतमाळच्या आरोग्य यंत्रणेस स्थैर्य दिले. वेतनाची हमी मिळाल्याने परिचारिका, आरोग्य सेवक, औषधनिर्माते यांची पदे कायम झाली. याची दुसरी बाजू अशी, की पदे किती असावीत, औषधे कोणती घ्यावीत, केंद्र कोठे उघडावे यांविषयीचे बहुतेक निर्णय अनुदानाबरोबरच वरून येऊ लागले. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या हातात उरला तो तिचा अल्प सेस निधी. कोरडवाहू शेतीच्या जिल्ह्यात जमीनमहसुलावरील उपकर वाढविण्यास मर्यादा होती. त्यामुळे त्या प्रयत्नाशी जोडलेले अनुदानही बेताचेच राहणे स्वाभाविक होते.

हा पेच केवळ यवतमाळचा नाही. इंग्लंडमध्ये नेव्हिल चेंबरलिन यांच्या पुढाकाराने झालेल्या १९२९ च्या स्थानिक शासन कायद्याने खर्चाच्या टक्केवारीवर मिळणारी अनेक आरोग्य अनुदाने रद्द करून त्यांच्या जागी सूत्रबद्ध ठोक अनुदान आणले. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने राज्य व स्थानिक आरोग्य यंत्रणा उभारणे आणि टिकविणे यांसाठीच केंद्रीय अनुदानाची तरतूद केली. एखाद्या रोगाशी ते बांधलेले नव्हते. रॉकफेलर प्रतिष्ठानने आपल्या आरोग्य घटकांसाठी निराळी पद्धत अवलंबिली होती : मर्यादित वर्षे साहाय्य द्यावयाचे व दरवर्षी स्थानिक शासनाचा हिस्सा वाढवीत न्यावयाचा. या तिन्ही पद्धतींचा रोख एकच आहे; रोगाची साथ ओसरली तरी यंत्रणा ओसरू नये.

एकरोगी कार्यक्रम : भारतात मात्र स्वातंत्र्योत्तर काळात मोठी अनुदाने आली ती एकेका रोगासाठी. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. जंगलव्याप्त केळापूर, वणी व पुसद भागांत हिवताप हा पावसाळ्यानंतरचा नित्याचा पाहुणा होता. डी. डी. टी. फवारणी, घरोघर जाऊन तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेणे व सूक्ष्मदर्शकाखाली ते तपासणे यांसाठी स्वतंत्र पथके उभी राहिली. देशात १९५३ च्या सुमारास वर्षाला सु. साडेसात कोटी असलेली रुग्णसंख्या १९६५ पर्यंत सु. एक लाखावर आली. यानंतर ही पथके कमी करून दक्षतेचे काम सर्वसाधारण आरोग्य केंद्रांकडे सोपविण्याची योजना होती. १९६३ च्या चढ्ढा समितीने त्यासाठी मूलभूत आरोग्य सेवकांची शिफारस केली. परंतु मधल्या काळात केंद्रे त्या प्रमाणात सबळ झालेली नव्हती. १९७६ मध्ये देशातील रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. १९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना आली आणि १९७९ पासून खर्चाचा निम्मा भार राज्यांवर टाकण्यात आला.

याउलट देवीच्या रोगाचे उदाहरण आहे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाने १९७५ मध्ये देश देवीमुक्त केला. जो रोग कायमचा संपविता येतो, त्यासाठी बांधील व मुदतबंद अनुदान योग्य ठरते. जो परत येऊ शकतो, त्यासाठी कायमची यंत्रणा लागते. मुदलियार समितीने (अहवाल १९६१) नवीन केंद्रे काढण्यापूर्वी असलेली केंद्रे सुदृढ करावीत, असे सुचविले होते. हिवतापाच्या पुनरागमनाने त्या सूचनेचे मर्म पटले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर एकेका रोगाचे स्वतंत्र सेवक एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य सेवकांची पद्धती स्वीकारण्यात आली.

आदिवासी उपयोजना : जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. १८·५ टक्के (२०११) असून गोंड, कोलाम, परधान, आंध या प्रमुख जमाती होत. यांपैकी कोलामांची गणना विशेष दुर्बल जमातींत होते. पाचव्या पंचवार्षिक योजनेत (१९७४–७९) किमान गरजा कार्यक्रम व आदिवासी उपयोजना यांचा प्रारंभ झाला. पांढरकवडा येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पुढे निश्चित झालेल्या निकषानुसार सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५,००० ला एक उपकेंद्र, तर आदिवासी व डोंगराळ भागात अनुक्रमे २०,००० व ३,००० असे प्रमाण ठरले. विखुरलेल्या कोलाम पोडांपर्यंत पोहोचण्यासाठी निकषातील ही सवलत उपकारक ठरली. मात्र केंद्र मंजूर होणे व त्यात डॉक्टर राहणे या दोहोंतील अंतर दुर्गम भागात मोठे असते. प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या वि. म. दांडेकर समितीने (१९८४) आरोग्यासह विविध क्षेत्रांतील अनुशेष मोजला. १९९४ मध्ये विदर्भ वैधानिक विकास मंडळ स्थापन झाले व त्याची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. अनुशेष मोजण्याची ही रीत प्रामुख्याने संस्था व खाटा यांच्या संख्येवर आधारलेली होती.

अबंधित निधी : १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने अनुदानपद्धतीत एक नवे तत्त्व आणले. उपकेंद्रास वर्षाला १०,००० रु. व प्राथमिक आरोग्य केंद्रास २५,००० रु. अबंधित निधी, केंद्राच्या देखभालीसाठी ५०,००० रु. आणि रुग्ण कल्याण समितीस एक लाख रु. अशा रकमा सुरुवातीच्या आराखड्यात ठरविण्यात आल्या. गावपातळीवरील आरोग्य व पोषण समितीसही वर्षाला १०,००० रु. मिळत. रक्कम लहान असली, तरी मोडलेला नळ, निर्जंतुकीकरणाचे भांडे, अडलेल्या बाळंतिणीसाठी वाहन यांसाठी वरच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. आशा कार्यकर्तींच्या रूपाने गावातीलच स्त्री यंत्रणेशी जोडली गेली. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय घेतला. आरोग्य व स्वच्छता हे त्याच्या विनियोगाचे एक अंग असून जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्राच्या गावांना त्याचा लाभ होतो.

अभियानाची दुर्बल बाजू मनुष्यबळाची. केंद्राचा हिस्सा प्रथम पूर्ण, पुढे ८५, नंतर ७५ व २०१५–१६ पासून ६० टक्के असा उतरत गेला. निधी मुदतीचा असल्याने नेमणुकाही बहुतांशी कंत्राटी झाल्या. अकरा महिन्यांच्या करारावरील परिचारिका वा प्रयोगशाळा तंत्रज्ञ अनुभवी होईपर्यंत अन्यत्र जातो आणि प्रशिक्षणावरील खर्च पुन्हा करावा लागतो.

स्थानिक रोगांचा प्रश्न : वरून येणाऱ्या योजनांच्या यादीत न बसणारे रोग स्थानिक यंत्रणेच्या सामर्थ्याची खरी कसोटी पाहतात. यवतमाळच्या काही भागांत भूजलात फ्ल्यूओराइडाचे प्रमाण अधिक असून त्यामुळे दात व हाडे यांचे विकार होतात. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार विदर्भात पूर्वीपासून आढळत असला, तरी त्याचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मानसिक आरोग्यासाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प हाती घेतला.

या बाबतीत २०१७ ची घटना विशेष बोलकी आहे. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर कीटकनाशके फवारताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि सु. २० जण मृत्युमुखी पडले. रुग्ण एकेकटे, निरनिराळ्या गावांतून दाखल होत होते. अशा विखुरलेल्या घटना एकत्र जोडून ‘ही साथ आहे’ असे वेळीच ओळखण्याचे काम रुग्णालयाचे नव्हे, तर रोगसर्वेक्षणाचे आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाची बाधा ओळखण्यास रक्तातील कोलिनेस्टरेजाची तपासणी साहाय्यभूत होते. ती जिल्ह्यातच होणे किती निकडीचे आहे, हे या प्रसंगाने दाखवून दिले. यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु महाविद्यालय, आरोग्य केंद्रे व कृषी खाते यांना जोडणारा दुवा कोणत्याही एका अनुदानाच्या शीर्षात बसत नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात पोलिओ लसीकरणाच्या वेळी १२ बालकांना डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली व संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लस, शीतपेटी व बूथ हे सर्व अनुदानातून उपलब्ध होते. उणीव होती ती प्रशिक्षणाची व देखरेखीची.

पंधरावा वित्त आयोग : कोविड-१९ च्या महासाथीनंतर पंधराव्या वित्त आयोगाने २०२१–२६ या काळासाठी स्थानिक संस्थांमार्फत खर्चावयाची ७०,०५१ कोटी रु. ची आरोग्य अनुदाने देशासाठी शिफारस केली. इमारत नसलेल्या उपकेंद्रांना इमारती, केंद्रांतून निदानाच्या सोयी, तालुका पातळीवर सार्वजनिक आरोग्य घटक व नागरी आरोग्यवर्धिनी केंद्रे हे त्यांचे मुख्य विषय होते. वित्त आयोगाने ग्रामीण व नागरी स्थानिक संस्थांना आरोग्याच्या कामात इतके प्रत्यक्ष स्थान देणे, ही महत्त्वाची घटना होय. यवतमाळ जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत मात्र मार्च २०२२ मध्ये संपून कारभार प्रशासकाकडे गेला. त्यामुळे या अनुदानाच्या काळाचा बराच भाग लोकनियुक्त प्रतिनिधींच्या देखरेखीवाचून गेला.

मूल्यमापन : अनुदानांशिवाय यवतमाळसारख्या जिल्ह्यात आरोग्य केंद्रांचे जाळे उभे राहिले नसते, हे निर्विवाद आहे. देवीचे उच्चाटन, लसीकरणाचा प्रसार व आदिवासी भागातील उपकेंद्रे ही त्यांची ठळक फलिते होत. परंतु १९१४ नंतरची बांधकामे, हिवतापाची पथके व अलीकडील कंत्राटी नेमणुका या तिन्हींवरून असे दिसते, की अनुदान जितके एका वस्तूशी वा मुदतीशी बांधलेले, तितका त्याचा ठसा यंत्रणेवर अल्पकाळ टिकतो. आस्थापना अनुदानाने पदे टिकविली, अबंधित निधीने निर्णयाचे थोडे स्वातंत्र्य दिले व समानीकरणाच्या तत्त्वाने दुर्बल जिल्ह्याचा हक्क मान्य केला. ही तिन्ही तत्त्वे एकाच वेळी व पुरेशा प्रमाणात मात्र जिल्ह्याच्या वाट्यास क्वचितच आली. रोगसर्वेक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ व नोंदणी हे घटक इमारतीसारखे डोळ्यांत भरत नाहीत. तथापि पुढील साथ प्रथम त्यांनाच दिसावयाची असते.